मांजरीचा डोळा आणि माळ्यावरचं घंगाळ

जिनिंगजवळ राहणाऱ्या माणसाच्या कपड्यांना कापूस चिकटतोच. तो काही कापूस आणायला गेलेला नसतो. आमच्या घरात किस्से असेच साठले. हे दोंडाईच्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर, आणि आमचं क्वार्टर दवाखान्याच्या पाठीला पाठ लावून. आसपासच्या गावांत कोणी संशयास्पद मेलं की प्रेत यांच्याकडे येणार. माणूस कसा मेला ते शोधून यांनी सरकारला लिहून द्यायचं. जेवताना हे विषय काढत नाहीत. मीच काढते. आणि मग घासही माझाच अडतो!

त्यात पदरात पाच महिन्यांची छबी. मूल दगावायचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, तेवढे मला यांच्या रिपोर्टांवरून पाठ. छबीनं नुसते ओठ काढले तरी मी धावायची, "ए गं, नाही, नाही, गप!" जळगावला मास्तरांच्या घरात वाढलेली, व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली मी, पण एवढं शिक्षण एका पाच महिन्यांच्या पोरीपुढे चालत नाही.

*

एकदा सकाळी वॉर्डातली भागाअक्का दारात आली. "डॉक्टरसायेबनी मोठं भांडं मांगं शे. खोल पायजे, आन् सोच्छ."

दवाखान्यातली काचेची मोठी बरणी आदल्याच आठवड्यात फुटली होती. मी विचारलं-बिचारलं नाही. समोर छबीच्या आंघोळीचं तांब्याचं घंगाळ होतं, नुकतंच चिंचेनं घासलेलं. तेच दिलं.

दुपारी ते परत आलं. उकळत्या पाण्यानं धुऊन, लखलखीत. मी म्हटलं, "कशाला हवं होतं?"

यांनी आधी हात पुसले. मग सांगितलं.

द्वारका नावाची बाई. विशीची असेल-नसेल. शेतकरी घरातली, नवरा जाऊन वर्ष उलटून गेलेलं. कपाशीच्या शेतात एकटीच बाळंत झाली आणि मूल बांधाजवळ पुरलं. जागल्याला ताजी माती दिसली, पाटलांनी फौजदारांना वर्दी दिली. गाव म्हणत होतं, हिनं जन्मल्या पोरीचा गळा दाबला. सिद्ध झालं तर फाशी, नाहीतर जन्मठेप. आणि द्वारका एकच वाक्य म्हणत होती, "मन्ही पोर रडनीच नई."

"हे खरं की खोटं, कसं कळणार?" मी विचारलं.

"मुलानं जन्मल्यावर एक जरी श्वास घेतला असला तरी फुप्फुसात हवा जाते. मग ती पाण्यावर तरंगतात. श्वास घेतलाच नसेल तर..."

"आमच्या घंगाळात?"

"बुडाली. अख्खी ठेवली तरी, तुकडे करून ठेवले तरी. प्रत्येक वेळी तळाशी."

मी घंगाळ उचललं आणि माळ्यावर, अगदी मागे ढकललं. त्या दिवसापासून छबीची आंघोळ बादलीत! बादली गळकी होती, तरीही.

*

द्वारकेला बाळंतज्वर होता, म्हणून पोलीस पहाऱ्यात ती आमच्याच बायकांच्या वॉर्डात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची खाट दिसायची. ती भिंतीकडे तोंड करून निजायची. छबी रडली की ती डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायची, आणि मी छबीला आणखी घाईनं गप्प करायची.

त्याच दिवसांत फौजदार चार व्यापाऱ्यांना बैलगाडीतून घेऊन आले. धर्मशाळेत कोणा गोडबोल्या सोबत्यानं त्यांना पेढे दिले होते. आता चौघेही हसत होते, आणि हवेतला नसलेला दोरा चिमटीत धरून गुंडाळत होते. सोबती त्यांच्या बोचक्यांसकट पसार!

हे म्हणाले, "धोतरा."

फौजदार म्हणाले, "कोर्टात दाखवायचं काय? मुंबईहून केमिकल अ‍ॅनालायझरचा रिपोर्ट येईतो तो गुजरातेत पोचेल."

तेव्हा यांनी माझी मनी मागवली. मनी म्हणजे आमची मांजर. एका व्यापाऱ्याच्या लघवीचा अर्क काढला, आणि मनीच्या उजव्या डोळ्यात एक थेंब. अर्ध्या तासात उजव्या डोळ्याची बाहुली बशीएवढी, डाव्याची तशीच चिरेसारखी!

चारही व्यापारी वाचले. चोरही दोन दिवसांनी सापडला, खिशात उरलेल्या पेढ्यांसकट. पण मनी तोवर एक डोळा भलामोठा करून अख्ख्या आवारात हिंडली. मला भीती, छबी दचकेल. छबी तिला पाहून पहिल्यांदा खदखदून हसली!

मनी खिडकीतून वॉर्डात गेली, द्वारकेच्या खाटेवर चढली. फौजदार म्हणाले, "बाई, सांभाळून. सरकारी साक्षीदार आहे!"

द्वारका हसली नाही. पण तिनं आपल्या वाटच्या दुधाची वाटी खाली ठेवली.

*

आमच्याकडचा एक जुना हवालदार होता. विषाची शंका असली की पोटातले अवयव बरणीत घालायचे, बरणी लाकडी पेटीत, पेटीला लाखेचं सील, आणि ती मुंबईला पोचवायचं काम त्याचं.

एका खेड्यातले म्हातारे आबा जेवता जेवता गेले. धाकटा मुलगा म्हणाला, मोठ्या भावजयीनं विष घातलं. घरात चूल वेगळी झाली, बोलणं बंद झालं. यांना काळजाचा दोष वाटत होता, तरी नियमाप्रमाणे बरणी निघाली.

आबा हवालदाराच्या आजोळचे. मुंबईच्या त्याच गाडीत आमचे पोस्टमास्तर होते, त्यांनी पुढचं सांगितलं. हवालदारानं चाळीसगावला गाडी बदलली, पेटी मांडीवर घेतली, आणि प्रत्येक स्टेशनला तिच्याशी बोलत गेला. "आबा, गाडी लेट शे." "आबा, मनमाड उनं." कसाऱ्याच्या बोगद्यात अंधार झाला तर पेटीवर हात ठेवून म्हणाला, "भिऊ नको, आबा. मी शे ना."

आबांनी जन्मात कधी आगगाडी पाहिली नव्हती!

रिपोर्ट आला, विष नाही. हवालदार स्वतः त्या घरी गेला. दोन्ही भाऊ ओट्यावर दोन टोकांना, मोठी सून दाराआड. तो म्हणाला, "इख नई निंघनं." सून दाराआडच मटकन खाली बसली. मग त्याला वाटलं, एवढ्यावर जाणं बरं नाही. म्हणाला, "आन् आबानी मुंबई देखी."

*

आता माझा स्वतःचा पराक्रम. लिहू नये, पण हे नाहीतरी सगळ्यांना सांगतात.

शेजारच्या काकूंचा मला कायम सल्ला, "अगं, मुगाच्या निम्म्याएवढी अफू दे. शेतावर जाणाऱ्या बाया देतातच की!" एकदा छबीला त्यांच्याकडे ठेवून मी बाजारात गेले. आले तर छबी गाढ झोपलेली. छबी! जी माझ्याजवळ घटकाभर झोपत नाही! हलवली तरी उठेना.

अफूनं बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, हे मला यांच्याकडूनच ठाऊक. अंगणात नेऊन तिची पापणी उघडली. टाचणीचं टोक!

मी अनवाणी दवाखान्यात. सगळ्या पेशंटांदेखत ओरडले, "अफू! बाहुल्या बघा!"

यांनी छबीला घेतलं, आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, पापणी उचलली. बाहुली चांगली टपोरी झाली. छबी जागी होऊन किंचाळली.

"तू हिचा डोळा कुठे पाहिलास?"

"अंगणात."

"दुपारी बारा वाजता. उन्हात."

वॉर्डाच्या खिडकीतून द्वारका बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी काकू दारात, कमरेवर हात. "अफू कसली गं? मी ओवी म्हटली तिला! तू म्हणून बघ कधी. सारखं गप, गप काय करतेस?"

*

ज्वर उतरल्यावर द्वारकेला धुळ्याच्या तुरुंगात नेलं. जाताना तिनं खिडकीखाली उभं राहून मला एवढंच विचारलं, "बाई, डॉक्टरसायेब खरं सांगतीन ना?"

"सांगतील," मी म्हटलं. पण कोर्ट ऐकेल का, हे मला कुठे माहीत होतं!

तीन महिन्यांनी सेशन कोर्टात यांची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी यांना दोन तास सोललं. प्रेत मातीत होतं ना? मग पाणी शिरून फुप्फुसं जड झाली नसतील? तुमचा अंदाज चुकत नाही का? यांनी शांतपणे म्हटलं, "माझा चुकतो. पण ही हवेची गोष्ट आहे. त्या मुलीच्या छातीत या जगातली हवा गेलीच नव्हती. ती जन्मायच्या आधीच गेली होती. रडलीच नाही ती."

द्वारका पिंजऱ्यात उभी होती. यांनी घरी सांगितलं की तेव्हा तिनं पहिल्यांदा यांच्याकडे मान वर करून पाहिलं.

खुनातून सुटली. जन्म लपवल्याची शिक्षा तुरुंगात काढलेल्या दिवसांतच भरली.

निकाल कळला त्या दिवशी मी माळ्यावरून घंगाळ काढलं. चिंच लावून घासलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छबीला पायांवर घेऊन आंघोळ घालत होते, घंगाळातलं पाणी तांब्यानं ओतत. पाठीमागच्या दारात सावली पडली. द्वारका होती, भागाअक्काबरोबर, माहेरच्या गाडीची वाट पाहत. हातात यांच्यासाठी आणलेली चार केळी.

नेमकं तेव्हाच डोक्यावरून पाणी गेलं आणि छबीनं भोकाड पसरलं. असं, की वॉर्डातले पेशंट उठून बसले! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. या बाईसमोर! मी छबीच्या तोंडाशी हात नेला, "गप गं, गप, गप..."

द्वारका पुढे आली, घंगाळाशेजारी ओल्या फरशीवरच बसली, आणि माझा हात बाजूला केला.

"रडू द्या तिले, बाई," ती म्हणाली. "माले आयकू द्या."