माहेरचं घर, जसंच्या तसं

माझ्या बायकोचं कोकणातलं माहेर तिच्या भावाने विकलं. घेणाऱ्याने ते पाडलं नाही. नीट दुरुस्त करून तिथे पर्यटकांसाठी जेवणाची सोय केली. परवा त्या वाटेने जाताना सुधा म्हणाली, "थांबू या ना."

मालक मोठ्या हौसेने घर दाखवत होता. "एकही खांब बदललेला नाही, ताई." खरंच होतं ते. कौलं तीच होती, मातीच्या भिंती तशाच होत्या. देवळीत समईसुद्धा होती, फक्त तिच्यात विजेचा दिवा लावलेला.

आम्ही माजघरात जेवायला बसलो. दोन घास खाऊन सुधा हळूच म्हणाली, "आई गेली ती इथेच. याच भिंतीशी." पलीकडच्या टेबलावर कुणीतरी आणखी सोलकढी मागवली.

"रात्री इथे कोण असतं?" तिने मालकाला विचारलं.

"कुणी नाही. कुलूप लावून आम्ही गावात जातो."

तिने भिंतीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. माझ्या मनात आलं, माती, लाकूड, कौलं सगळं वाचलं. पण घराला माणसांची जी सवय झालेली असते, तिचं काय करायचं? कुलूप लागल्यावर ते अंधारात कुणाची चाहूल घेत असेल?

निघताना उंबऱ्याशी सुधा वळली आणि आत बघून सहज बोलून गेली, "येते गं आई."

आतून "ये हो" यायला हवं होतं. ते ऐकू येईल म्हणून आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो.