इंदुबाईंची गिरकी

कसबा पेठेत आमच्या गल्लीतल्या देवीच्या देवळात आरतीचं तबक इंदुबाईंच्या हातात असतं. दुपारपर्यंत डब्यांच्या पोळ्या लाटायच्या आणि संध्याकाळी तबक धरायचं, यापलीकडे बाईंनी आयुष्याकडे फारसं काही मागितलं नाही.

यंदा श्रावणात त्यांना सगळ्यांसारखाच सर्दी-खोकला झाला. ताप उतरला आणि त्या शुक्रवारच्या आरतीला आल्या. आरती संपली, तबक खाली ठेवून आम्ही सगळ्याजणी स्वतःभोवती फिरलो, आणि इंदुबाई फिरून थांबल्याच नाहीत. झोकांड्या खात खांबावर आदळल्या. कुणाला वाटावं की बाईंना चक्कर आली असेल? छे. गल्लीतल्याच मथुराबाईंनी जाहीर केलं, अंगात आलं. लगेच कपाळभर कुंकू, पायांवर पाणी, वर स्वतःच्या मुलाचं लग्न कधी जमेल हा प्रश्न. इंदुबाईंना उलटी झाली, तेव्हा कुठे भक्त पांगले.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, विषाणूमुळे कानाकडून मेंदूकडे जाणारी तोलाची नस सुजली आहे. सुरुवातीला गोळ्या, पण नंतर पडून राहायचं नाही. हालचाल केली तरच मेंदू पुन्हा तोल सांभाळायला शिकेल. एका जागी नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवायची. इंदुबाईंनी ओट्यामागच्या भिंतीवर लाल टिकली चिकटवली आणि तिच्याकडे बघत मान हलवू लागल्या. आधी टिकलीसकट भिंतच पळायची.

एकदा त्या माझ्यापाशी रडल्या. पडण्याची भीती नव्हती, आता तबक कुणी हातात देणार नाही याची होती. खरंच होतं ते. पेटत्या वाती सांडतील म्हणून सगळ्यांनाच धास्ती होती. मलाही होती, म्हणून मी नुसती त्यांचा हात धरून बसले.

हळूहळू भिंत जागेवर राहू लागली. नवरात्रात पहिल्याच दिवशी बाईंनी लवकर येऊन देवळाच्या चारही खांबांवर टिकल्या लावल्या. आरतीनंतर त्या फिरल्या. सावकाश, एका टिकलीवरून दुसरीवर नजर नेत. आमचं फिरून झालं तरी त्यांचं चालूच. तिसऱ्या खांबापाशी किंचित झुकल्या. मथुराबाई कुंकवाची कोयरी घेऊन टपूनच होत्या. त्या पुढे सरकल्या.

"थांब गं मथुरा," इंदुबाई म्हणाल्या. "देवी नाही. मीच आहे."

चौथ्या टिकलीवर नजर टेकवून त्या थांबल्या आणि दोन्ही हात पुढे केले. तबक मथुराबाईंनीच उचलून दिलं. आरती घ्यायला सगळ्यांच्या आधी मी पुढे झाले.