पऱ्हाटीनं केलं

इंगळे डॉक्टर गेल्याचा निरोप आला तेव्हा माय ओसरीत कापूस निवडत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "कोनते इंगळे?" कळलं नव्हतं असं नाही... कळून घ्यायचं नव्हतं. त्याला आता महिना झाला.

डॉक्टर साखरखेर्ड्याचे. मुंबईत डोळ्यांचं शिक्षण झालं, सोबतचे तिथेच स्थिरावले, हे मोताळ्यात आले. "इथं डोळ्याच्या डॉक्टरकडे कोण येणार?" असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "मी जाईन ना!" आणि खरंच जायचे. बीटी बियाणं नवीन आलं होतं. आमच्या रोहिणखेडच्या शिवारात जिकडेतिकडे कपाशी झाली, वेचणीला झाडून साऱ्या बाया लागल्या आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी टोकं डोळ्यांत खुपू लागली. पुढे भाव पडले, तेव्हा तर रोज बुडू नये म्हणून बाया एका डोळ्यावर फडकं बांधून वेचत राहायच्या. डॉक्टर बांधावरून ओरडायचे, "डोळा काय येचणी संपन्याची वाट पाह्यते काय वं?" आणि तिथेच औषध घालायचे.

डोळ्यातलं कुसळ जिभेने काढण्यात माझ्या मायचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी बारा वर्षांची असताना माझ्या डाव्या डोळ्यात पऱ्हाटी गेली, तेव्हा तिने तेच केलं, वर एरंडेल घातलं. आठवड्याभरात बुबुळावर पांढरं फूल पडलं, ते कायमचंच. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मायने विचारलं, "माह्या जिभेनं झालं काय हो?"

"नाही मावशी. पऱ्हाटीनं केलं. पन आता कोनाच्या डोळ्यात खुपलं, तर हात न लावता त्याच रोजी माह्याकडे धाडा. पहिले तुमालेच समजते ना."

तेव्हापासून कुणी डोळा चोळताना दिसली की माय तिला ओढत नेऊन मोताळ्याच्या गाडीत बसवायची. कितीजणींचे डोळे वाचले!

पुढे मी त्यांच्याच दवाखान्यात नर्स झाले. एकदा धीर करून डॉक्टरांना विचारलं, तेव्हा खरंच पऱ्हाटीनंच झालं होतं का. म्हणाले, "टोक पऱ्हाटीचं, जंतू जिभेचे. तिले दोष देला असता तर ते घरी बसली असती, अन् गावातले डोळे तसेच गेले असते." मला रागच आला होता. डोळा माझा, आणि खरं मलाच सांगितलं नव्हतं! पण मायला वाचवून गाव वाचवणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा माय आपणहूनच बोलली. "डॉक्टर खोटं बोलला होता. मले तवाच समजलं."

मी चकित. "कसं?"

"तुह्या डोळ्यात पाहून नाही सांगतलं त्यानं. माह्याकडे पाहून सांगतलं."

"मंग इतके वर्षं बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? येवढा शिकलेला मानूस माह्यासाठी खोटं बोलला... मंग मले माही जीभ आवरा लागली."