डावीकडे वळताना वाजणारा हॉर्न
नव्या वायरचा वास आला की मला अकोल्याचं ते गॅरेज आठवतं. वडिलांच्या अँबेसेडरचं वायरिंग इतकं कुजलं होतं, की गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप बोंबलायचा. मिस्त्रीने सगळ्या वायरी बदलल्या, फ्यूज बसवले. अमरावतीला आमच्या गल्लीत डावीकडे वळलो, तर शांतता! आई दारात फुगलेली, "अवो, हारन काहून नाई वाजला? मी चहाले आधण कवा ठेवू?" दुसऱ्याच दिवशी वडील पुन्हा अकोल्यात, "भाऊ, फ्यूज राहू दे, पण तेवढा बिघाड मले वापस करून दे." मिस्त्री हसून हसून बॉनेटवर आडवाच झाला. आता गाडी मी चालवतो. वळणावर हॉर्न तसाच बोंबलतो, मी घरात शिरतो आणि आधण ठेवतो, सवयीने तिघांचं.