पुलीवरचा ओला चुना

आधीच सांगून टाकते. भूत, भगत, उतारा यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. कुणाच्या अंगात आलं की लोक नारळ फोडतात, मी म्हणते आधी ताप बघा. आजही तेच म्हणते. तरी हे घडलं... म्हणून लिहिते.

थळला रस्त्याला लागून आमचं गॅरेज. दार एकच, बाकी तिन्हीकडे भिंत. नवरा वारून चार वर्षं झाली, आता मुलगा दिनेश चालवतो. नवरा काम करायचा तेव्हा तीस वर्षं उजेडाची बॅटरी मी धरली. त्यामुळे चौथीच शिकले तरी टायमिंग बेल्ट मला कळतो. नवरा आधी पुली डिझेलच्या फडक्याने पुसायचा, नखाने कंपनीची खूण शोधायचा आणि तिच्यावर तंबाखूच्या डबीतला चुना लावायचा. मग त्या खुणेशी जुळवून बेल्ट; एक दात जरी चुकला तरी इंजिन बिघडतं. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट आवळल्यावर बेल्ट चिमटीत धरून पाव वेढा वळला की ताण बरोबर.

त्या दिवशी शेजारच्या भिकूभाऊंची जुनी गाडी आली होती. त्यांना डायलिसिसला अलिबागला न्यावं लागतं, चुकवून चालत नाही. तीनला निघायचं होतं. दिनेशने घाईत पांढऱ्या पेनाने खूण केली, नवा बेल्ट चढवला, बोल्ट आवळला.

"पुली पुसलीस का रे?"

"आये, चौथी शिकून मला इंजिन शिकवतेस?"

"व्हय. तुझा बाप तर तिसरीच शिकला व्हता."

"दिसते ना खूण! जेवून येतो, मग चालू करतो."

तो समोर घरात गेला. मी गॅरेजच्या दारातच पाट टाकून सुका जवळा निवडत बसले. उठले नाही, डुलकी घेतली नाही. मला ओलांडून कोणी आत गेलं नाही.

दिनेश परत आला आणि आतून ओरडला, "बोल्टला हात कुणी लावला?"

बोल्ट सैल. बेल्ट लोंबतोय. आणि पुलीवर, त्याच्या पेनाच्या रेघेपासून एक दात सोडून, चुन्याचा ठिपका. मी बोट लावलं... ओला.

दिनेशने डिझेलचं फडकं फिरवलं. चुन्याखाली कंपनीची खूण निघाली. त्याची रेघ होती ती गंजाच्या ओरखड्यावर. तसंच चालू केलं असतं तर गाडी वाटेत कुठे बसली असती, देव जाणे.

त्याने बेल्ट परत बसवला, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, बोल्ट आवळला. पाव वेढा मी स्वतः वळवून बघितला. भिकूभाऊ वेळेत पोचले.

संध्याकाळी दिनेश हळूच म्हणाला, "आये... बाबा आला व्हता?"

"आला असता तर आधी जेवायला मागितलं असतं," मी म्हटलं.

पण एक कोडं मला सुटत नाही. आमच्या घरात दुसरं कोणी तंबाखू खात नाही. आणि ती डबी तेराव्यानंतर मी माझ्या हाताने खाडीत फेकली होती. मग चुना आला कुठून?