हिरण्यकशिपूच्या गावी मुलगी

‘१२ मार्च १९३६, गुरुवार. रंगपंचमी. भिश्ती आला नाही. बकुळचं एरचचं स्थळ भावजींनी परस्पर मोडलं. कारण हिरण्यकशिपू.’

एवढं लिहून अनुसूयाबाईंनी टाक खाली ठेवला. रोजनिशी रात्रीच लिहायची, ही कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त आज पहिल्यांदा मोडली. रेल्वेत गार्डाच्या नोकरीत नवरा गेला, पुढे इन्फ्लुएन्झात मुलगा-सून गेली, तेव्हाही त्यांनी रात्रीच लिहिलं होतं. आता या हिंदी मुलखात, लक्ष्मी गेटाजवळच्या घरात त्या, नात बकुळ आणि धाकटा दीर जनार्दनराव.

पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून जनार्दनराव पुराणातली गावं शोधत होते. भिंतीवर रेल्वेचा नकाशा आणि त्यात टाचण्या. लंका सोडली तर बहुतेक गावांना त्यांनी जवळचं स्टेशन दिलं होतं. तोवर ठीक होतं. पण गेल्या साली दतियाचं स्थळ आलं, तर दतिया दुष्ट दंतवक्र राजाचं निघालं. स्थळ गेलं. आता एरच, तर ते हिरण्यकशिपूचं.

मध्यस्थ वामनराव सकाळी रंग लावायला आले, तेव्हा जनार्दनरावांनी ‘मुलगी देत नाही’ असं सांगून टाकलं. वामनराव चारच्या पॅसेंजरने तो निरोप घेऊन निघणार होते. बकुळला मुलगा पसंत होता. शाळामास्तर, श्रीकृष्ण नावाचा. तिने आजीला एवढंच विचारलं होतं, त्यांच्या घरातून नदी दिसते का.

अनुसूयाबाई बाहेरच्या खोलीत आल्या. “भावजी, मुलात खोट काय?”

“मुलात नाही, वहिनी. गावात. बेतवा नदीचा तो कडा, तो डोह, मी डोळ्यांनी पाहून आलोय. बापाने पोराला तिथूनच लोटलं. आत्या त्याला मांडीवर घेऊन आगीत बसली. असल्या गावी पोर द्यायची?”

“प्रल्हाद कुठला?”

“तिथलाच. पण तो अपवाद.”

“मग श्रीकृष्णाला अपवाद धरायला तुमचं काय जात होतं?”

जनार्दनराव हसले. “शास्त्र असं चालत नाही.”

त्या हसण्याने अनुसूयाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नकाशावर बोट टेकवलं. “ही टाचणी कसली?”

“पंचवटी. नाशिक.”

“तिथे काय झालं?”

“शूर्पणखेचं...” ते थांबले.

“नाक कापलं. सासूबाई नाशिकच्या. मामंजींनी त्यांना करून घेताना नाक चाचपून पाहिलं होतं का? राक्षसिणीच्या गावचं दूध तुम्हाला चाललं, आणि माझ्या नातीला नवरा चालत नाही?”

दाराआडून बकुळ म्हणाली, “आजी, रहने दीजिए ना.”

“जन्मभर राहूच दिलंय.”

“शब्द गेलाय, वहिनी. आता फिरवला तर चार लोकांत माझी काय शोभा?”

“ती लावा टाचणीने भिंतीला,” म्हणून त्यांनी चपला घातल्या.

रस्त्यात पोरं पिचकाऱ्या घेऊन उभी होती. पांढरं लुगडं आणि वरचा चेहरा पाहून त्यांनी हात खाली घेतले. “अम्माजी को जाने दो,” कोणीतरी म्हणालं. टांगा स्टेशनात पोचला, तेव्हा वामनराव डब्यात चढत होते. कानाला अजून गुलाल.

“निरोप बदललाय. मुलगी दिली.”

“अहो, पण जनार्दनराव स्वतः...”

“ते नाशिकला अडकलेत.”

सकाळी तर घरी होते, असं वामनरावांच्या तोंडावर आलं होतं. बाईंकडे पाहून त्यांनी ते गिळलं.

“बोला, मी काय सांगायचं?”

“मुलगी दिली, आणि मी दिली. आणि विचारून या, घरातून नदी दिसते का.”

रात्री जनार्दनराव खोलीबाहेर आले नाहीत. अनुसूयाबाईंनी हाक मारली नाही. रोजच्यासारखं ताट वाढून दाराशी ठेवलं आणि दुपारच्या ओळींखाली लिहिलं:

‘एरचला होकार कळवला. भावजींचं ताट झाकायचं राहिलं. वरणभात मांजराने खाल्ला.’