आधी रस्ता

वादळ गेल्यावर पाचव्या दिवशी तालुक्याहून एक अधिकारी आले. ग्रामपंचायतीच्या पडवीत बसून त्यांनी सांगितलं की पाऊस तोंडावर आलाय, पोकलेन फक्त आठ दिवस मिळेल आणि तेवढ्यात एकच काम होईल. कोणतं, ते गावानं ठरवायचं आणि लेखी द्यायचं. पाणी पिऊन, घाम पुसत ते निघून गेले. आमच्या गळ्यात घोंगडं टाकून गेले, दुसरं काय!

कामं दोन होती. किनाऱ्याकडे जाणारा रस्ता सुरूच्या झाडांखाली गाडला गेला होता आणि ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. दुसरीकडे खाडीचा बांध फुटला होता, चांगला बैलगाडी जाईल एवढा. तिथून भरतीचं खारं पाणी शेतात शिरत होतं.

ठरवायला दोन दिवसांनी सभा होती. त्या दोन दिवसांत मी घरोघर ऐकत फिरलो. लाइट नाही, मोबाइल नाही, माणसांना बोलण्याशिवाय उद्योग नव्हता. होडीवाल्यांना रस्ता हवा होता, मासळीची गाडी येत नव्हती म्हणून. होमस्टेवाल्यांना तर हवाच होता, आणि त्यात मी पहिला. माझ्या तीन खोल्या समुद्राकडे तोंड करून बसल्यात. मे महिन्याचे उरलेले पाहुणे हातचे जातील म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. बांध हवा म्हणणारी खाडीकडची सात-आठ घरं. त्यांत माझी चुलतवहिनी. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि ही बाई एकटी त्या घरात राहते.

वहिनीच्या दारात विहीर आहे, आमच्याकडे तिला बाव म्हणतात. खाडी हाकेच्या अंतरावर असूनही तिचं पाणी शहाळ्यासारखं गोड. माझ्या बोअरचं पाणी कधीचंच मचूळ झालंय, त्यामुळे घरात आणि पाहुण्यांना प्यायला मी रोज सकाळी वहिनीकडून कॅन भरून आणतो. बांध उघडा राहिला तर ही विहीर जाईल, हे मला ठाऊक नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

त्या आठवड्यात कॅन भरायला गेलो की वहिनी मला खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या कडेला नेऊन दाखवायची. भरतीचं पाणी जिथपर्यंत पोचेल तिथे ती माडाच्या झावळीचा एक हीर, म्हणजे पात्यामधली काडी, मातीत खोचत होती. अमावास्या जवळ येत होती, तसा रोजचा हीर आदल्या दिवसापेक्षा विहिरीकडे सरकत होता. वादळात पडलेल्या माडानं विहिरीचा कठडा एका बाजूनं फोडला होता. वहिनी हीर तेवढे दाखवायची. चिखलात कुर्ल्या-खेकडे चालल्याच्या रेघा असायच्या, अगदी तुळशीपर्यंत. मी बघायचो, “हूं” म्हणायचो आणि कॅन उचलायचो.

सभेत हात वर करून मोजायचं ठरलं होतं, पण भांडण इतकं पेटलं की हात मोजायचे राहिले आणि बाह्या वर गेल्या. शेवटी एक म्हातारे उठले आणि म्हणाले, देवाला विचारू. भांडण तिथेच थांबलं. आमच्याकडे देवाचा कौल घेतला की मग माणसानं तोंड उघडायचं नसतं. देवाच्या पाषाणावर भिजवलेल्या कळ्या लावतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देवासमोर गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडायचा मान आमच्या घराण्याचा. म्हणजे माझा.

देवळापर्यंत चालत जाताना मी प्रश्न मनात जुळवत होतो. खरं सांगायचं तर दोन्ही कामं देवासमोर ठेवायला हवी होती. माझे वडील तसंच करायचे, एकेक बाजू वेगळी मांडायचे. मला ते पक्कं आठवत होतं. तरी मी गाऱ्हाण्यात म्हणालो, “बा देवा म्हाराजा, गावाचो रस्तो मोडलो आसा. लेकरांच्या पोटापाण्यासाठी तो आधी करूक तुझी परवानगी आसा, तर उजवी दी.” मागून गाव ओरडलं, “व्हय म्हाराजा!”

बराच वेळ काहीच झालं नाही. समईची ज्योत हलत होती, आणि गाभाऱ्यात भिजलेल्या फुलांचा कुबट वास कोंडला होता. मग उजवी कळी पडली. माझ्या काळजावरचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी मला मागे वळून बघायची भीती वाटली. बांधाबद्दल देवाला कोणी विचारलंच नव्हतं. गुरवानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तीर्थ दिलं.

दुसऱ्या दिवशी पोकलेन किनाऱ्याच्या वाटेवर घरघरू लागला. अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती होती. मी कॅन घेऊन भरतीच्या आधी पोचायचं म्हणून निघालो, तरी उशीरच झाला. खळ्यात घोट्याइतकं पाणी होतं. सगळे हीर त्याखाली गेले होते. पाणी आवाज न करता कठड्याच्या फुटक्या बाजूनं विहिरीत उतरत होतं. खाडीतले दोन बारके मासे तुळशीजवळ फिरत होते. वहिनी पायरीवर उभी होती, साडी वर खोचून, हातात रिकामी कळशी. मी लाजेनं मेलो. काहीतरी बोलायचं म्हणून देवाचा कौल होता, असं पुटपुटलो.

“भावजी,” ती म्हणाली, “रस्तो करू काय, ह्या तुमी देवाक इचारल्यात. माझी बाव बुडवू काय, ह्या कोणी इचारल्यान?”

मी कॅन तसाच रिकामा घेऊन परत आलो. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

रस्ता ठरल्या दिवशी झाला. मला वाटलं होतं त्यावरून पहिली गाडी माझ्या पाहुण्यांची येईल. त्यांची आली दुसरी. पहिला आला तो पाण्याचा टँकर, कारण खाडीकडची एकूण एक विहीर खारी झाली होती, आणि किनाऱ्याकडचेही प्यायला तिथूनच पाणी नेत. आठ दिवसांपूर्वी बांधासाठी भांडलेली माणसं कळशा घेऊन रांगेत उभी होती, आणि रस्त्यासाठी भांडलेलीही. माझे पाहुणे गाडीतून उतरून रस्त्याचं कौतुक करत होते.

वहिनीची पाळी आली तेव्हा टँकरमध्ये थोडंच उरलं होतं. नळीची धार बारीक झाली होती. मी तिच्या मागे उभा होतो, दोन्ही हातांत कॅन. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि आपली कळशी बाजूला घेतली.

“तुमच्या पावण्यांका तान लागली असतली,” ती म्हणाली. “आधी तुमी भरा.”

आणि मी भरले.